चार बोटे खाली

मोटारीची जमिनीपासूनची उंची हा ती घडवणाऱ्यांचा प्रश्न आहे आणि त्यासाठी त्यांनी शिकलेली माणसे पगारावर ठेवलेली असतात. हा प्रश्न बालाघाटातल्या एका संस्कृत शिक्षकाला अंगावर घ्यावा लागला, याचे संपूर्ण श्रेय माझ्या सासुरवाडीचे.

त्या घरात एक प्रघात आहे. मंडळी कुठल्याही कार्याला निघाली की घरातली सर्वांत वडील बाई ज्या गाडीत बसते ती गाडी पुढे चालते. मांडवाशी पोचल्यावर आधी तिचे दार उघडते, आरतीचे ताट तिच्यासमोर येते आणि गाडी हाकणारा जावई त्या दिवसापुरता थोरला मानला जातो. आता, थोरल्या मुलीचा नवरा मी आहे. यात वादाला जागा नाही. लग्नाची तारीख लोकांच्या स्मरणात आहे. तरीही माझ्या सासूबाई शेवंताबाई लागोपाठ सगळ्या कार्यांना धाकट्या जावयाच्या, म्हणजे महेंद्रच्या, गाडीत बसत आल्या होत्या. महेंद्र सिमेंट विकतो. एखादे वाक्य त्याने कर्त्यापासून क्रियापदापर्यंत सुखरूप नेल्याचे मी कधी ऐकलेले नाही. असा मनुष्य आरतीपुढे उभा राहून गंध लावून घेतो आणि मी मागच्या गाडीतून उतरून त्याच्या पाठीकडे पाहतो, हे दृश्य मी पुरेशा वेळा सोसले होते.

अशात सासूबाईंचा नातू अश्विन याचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरले. मुलगी मलाजखंडची, तिचे वडील तांब्याच्या खाणीत नोकरीला. दिवाळीनंतर खाणीच्या वसाहतीतल्या सभागृहात कार्यक्रम करायचा होता आणि दोन्हीकडचे झाडून सारे पाहुणे येणार होते. त्या सभागृहासमोर मागच्या गाडीतून उतरायचे नाही, असा मी निश्चय केला.

निश्चयाच्या पाठोपाठ कारणमीमांसा आली. महेंद्रची गाडी लांबट आणि ठेंगणी, माझी उंच बांध्याची. सासूबाईंचे वय झालेले, गुडघे जुने. उंच गाडीत चढणे कठीण, ठेंगण्या गाडीत बसणे सोपे; म्हणून त्या ठेंगण्या गाडीत बसतात. या अनुमानात मला कुठेही भोक दिसले नाही. माझी पत्नी पुष्पलता हिने एवढेच विचारले, की आईले पुसलं का. मी तिला समजावले की ज्या गोष्टीचा निष्कर्ष तर्काने निघतो ती गोष्ट विचारत बसणे हा तर्काचा अपमान आहे. तिने भाजी चिरायला घेतली.

पहिला उपाय म्हणून, एका कार्याला सारे आमच्या घरून निघत असताना, मी गाडीच्या दारापाशी एक पाट ठेवला. तो सागवानी होता आणि त्यावर चार माणसे उभी राहिली असती. सासूबाईंनी पाटाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "जवाईबापू, मले काय गणपतीसारखं पाटावर बसोता का?" आणि महेंद्रच्या गाडीत जाऊन बसल्या. महेंद्र हसला. तो हसताना तोंड पूर्ण उघडतो.

शेजारचे पुनाराम हे सर्व फाटकातून पाहत होते. पुनाराम वनखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आयुष्यभर झाडांना सल्ला दिला आणि झाडांनी तो निमूटपणे ऐकून घेतला. परिणामी, माणसेही तसेच करतील असे त्यांना वाटते. ते म्हणाले, "सर, माहं ऐका. दाराखाली लोखंडाचं पायदान लावून टाका." मी नकार दिल्यावर त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. जंगलात साहेब लोक हत्तीवर बसत, तेव्हा हत्तीला मचाणाशी उभा करत. तद्वत मी निघायच्या ठिकाणी एक ओटा बांधावा आणि पोचायच्या ठिकाणी दुसरा. मलाजखंडच्या सभागृहासमोर मुलीकडच्यांच्या परवानगीने ओटा बांधण्याची ही योजना त्यांनी संपूर्ण गांभीर्याने मांडली, याची नोंद केली पाहिजे. पायदानाची सूचना वाईट नव्हती. तथापि पायदान म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्यांची जाहीर दवंडी. शिवाय ते पुनारामांनी सुचवलेले. त्यानंतर ते रोज सकाळी फाटकातून विचारत राहिले असते की पायदान कसे आहे.

म्हणून मी सरळ मार्ग निवडला. बाई चढू शकत नसेल तर गाडीने उतरावे.

गोंदिया रोडवर मोहित नावाच्या एका तरुणाचे गॅरेज आहे. गाड्यांना मोठ्या आवाजाची नळी बसवणे, काचांवर काळी झाक चढवणे, दिवे निळे करणे अशी देशाच्या प्रगतीला हातभार लावणारी कामे तो करतो. मी गाडी खाली घ्यायची आहे असे सांगताच त्याने विचारले, "बेटे की गाड़ी है, अंकल?" माझीच आहे, असे मी सांगितले. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. मी त्या दिवशी धोतर नव्हे तर पँट घातली होती, तरी त्याचे समाधान झाले नाही. मी त्याला सासूबाई, गुडघे, साक्षगंध आणि प्रघात असा सर्व क्रम व्यवस्थित सांगितला. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "मतलब लो करनी है," आणि कामाला लागला. ही पिढी प्रत्येक प्रबंधाचा असाच चुराडा करते.

त्याने मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा बसवल्या. संध्याकाळी गाडी चार बोटे खाली आली होती. दार उघडले की आसन सरळ माणसाच्या बैठकीशी येई. मी स्वतः डझनभर वेळा बसून पाहिले. बसण्याची क्रिया इतकी सुलभ झाली होती की मला स्वतःचे कौतुक वाटले. उठण्याकडे मी विशेष लक्ष दिले नाही, कारण प्रश्न चढण्याचा होता आणि मी प्रश्नाबाहेर उत्तरे लिहीत नाही.

यानंतर मला बालाघाटच्या गतिरोधकांचे स्वरूप कळले. आमच्या नगरात गतिरोधक कुणी प्रशासन बांधत नाही. ज्याच्या घरासमोर रस्ता आहे तो आपल्या संतापाच्या प्रमाणात ते उभारतो. पूर्वी मी त्यांवरून जात असे. आता मी त्यांच्यावर घासत जाऊ लागलो. रोज वारासिवनीच्या शाळेत जाताना गाडीच्या पोटाखालून असा काही आर्त स्वर निघे की रस्त्यावरची माणसे माझ्याकडे करुणेने वळून पाहत. मी प्रत्येक गतिरोधक तिरका ओलांडायला शिकलो. मागून येणारे लोक भोंगे वाजवत आणि पुढे जाताना काचेतून आत डोकावत. आत केस पिकलेला मनुष्य दिसल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव येई, त्याला मराठीत शब्द आहे, पण तो मी लिहिणार नाही.

काली पुतली चौकात वाहतूक हवालदाराने मला थांबवले आणि मान वाकवून चाकांकडे बघत विचारले, "गुरुजी, ये आप चलाते हो, कि पोता?" मी त्याला सांगितले की मोटारीत केलेला फेरबदल कायद्याने तपासला जावा, या मताचा मी आहे आणि त्याने तो अवश्य तपासावा. माझ्या तोंडून कायदा हा शब्द ऐकताच त्याने घाईने हात हलवून मला जायला सांगितले.

परंतु मनात शंका राहिली. मी सज्जन मनुष्य असल्यामुळे परिवहन कार्यालयात गेलो आणि तिथल्या बाबूला विचारले की गाडीची उंची कमी करण्यास परवानगी लागते काय. त्याने रंग बदलायचा आहे का विचारले. नाही. गॅस बसवायचा आहे का? नाही. मग गाडी विकायची असेल, असे त्याने ठरवले. मी पुन्हा मूळ प्रश्नावर आलो. तेव्हा त्याने चष्मा काढला आणि समजूत घालण्याच्या स्वरात म्हणाला, "सर, आप पूछोगे तो मना करना पड़ेगा। नहीं पूछोगे तो हमको पता ही नहीं।" मी म्हणालो की मी तर विचारलेले आहे. तो म्हणाला, "हमने सुना नहीं।" आणि खरोखरच त्याने पुढच्या माणसाला बोलावले. राज्यकारभाराचे इतके संक्षिप्त विवेचन मी इतरत्र ऐकलेले नाही.

इथवर सर्व ठीक होते. शाळेतली मुले माझी गाडी आली की फाटकाशी उभी राहून सलाम करू लागली होती, पण तेही मी सोसले. मग दिवाळी झाली आणि साक्षगंधाच्या आठवड्यात पुढचे एक चाक पंक्चर झाले. पंक्चर काढण्यासाठी ते उतरवले तेव्हा मला त्याची आतली बाजू दिसली.

बाहेरची बाजू नवी कोरी होती. ती मी दर रविवारी फडक्याने पुसत असे. आतली बाजू मात्र घासून गुळगुळीत झाली होती आणि एका ठिकाणी रबरातून तारा डोकावत होत्या, जशी आजारी माणसाच्या हनुवटीवर खुरटी दाढी डोकावते. दुसरे चाक उतरवले, त्याचीही तीच अवस्था. मागची चाके शाबूत होती.

एवढ्यावर अख्ख्या आळीला मत आले. पुनाराम म्हणाले की गाडीला दृष्ट लागली आहे, कारण ती आता दृष्ट लागण्याजोगी दिसते. कुणी टायर उलटे घालायला सांगितले, म्हणजे झिजलेली बाजू बाहेर येईल आणि निदान ती दिसत राहील. महेंद्रने दूरध्वनीवरून कळवले की हवा कमी असेल. महेंद्रच्या मते विश्वातील यच्चयावत विकार हवेच्या कमतरतेने होतात. मी मोहितकडे गेलो. तो वाकून बघून प्रसन्न झाला. "ये तो स्टाइल है, अंकल," तो म्हणाला, "लोग इसके लिए अलग से आते हैं।" मी विचारले की लोक टायर नासवण्यासाठी येतात काय. त्याने होय म्हटले.

तेव्हा मी नेहमीप्रमाणे स्वतःच ग्रंथ उघडले. कारण अगदी साधे होते. गाडी खाली बसली की पुढच्या चाकांच्या माना आत कलतात आणि पाय बाहेर फाकतात. त्याबरोबरच दोन्ही चाकांची तोंडे किंचित बाहेरच्या दिशेला वळतात. एक चाक वैनगंगेकडे पाहते, दुसरे मलाजखंडकडे, आणि गाडी बिचारी दोघांना फरफटत सरळ नेते. फेंगड्या पायांनी चालणाऱ्या माणसाचा जोडा एकाच कडेला झिजतो, तसे हे टायर झिजले होते. उपाय एकच: नवे टायर घालायचे आणि अलाइनमेंट करून चाकांची तोंडे पुन्हा समोर वळवायची. चाकांचे कलणे थोडे राहते, पण टायर खाणारी मुख्य गोष्ट तोंडे फिरण्याची. हे मी पुनारामांना समजावले. त्यांनी ऐकून घेतले आणि एक लिंबू आणून दिले.

बैहर रोडवर रवीचे दुकान आहे. तिथे गाडी उंच उचलणारा मंच, चाकांना लावायची यंत्रे आणि एक मोठा पडदा आहे. रवीने गाडी चढवली, पडद्यावर सगळे आकडे लाल झाले आणि त्याने निकाल दिला की मशीनला ही गाडी मान्य नाही. कंपनीने दिलेली उंची मशीनला पाठ आहे. गाडी पुन्हा वर करून आणावी. मी त्याला म्हणालो की मशीन हे साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तो म्हणाला, मशीन लाखों की है। मी म्हणालो की उंची बदलली तरी चाकांनी समोर पाहावे हा नियम बदलत नाही, आणि तेवढे बोल्ट फिरवून साधते. हा वाद बराच चालला. मागे एक जीपवाला उभा होता, तो निघून गेला. अखेर रवीने दोन्ही हात जोडले आणि बोल्ट फिरवायचे कबूल केले.

तेव्हा मी दुसरा मुद्दा काढला. गाडीत माणसे बसली की आखूड स्प्रिंगा आणखी दबतात आणि चाके पुन्हा कलतात. म्हणून मोजमाप रिकाम्या गाडीचे घेणे व्यर्थ आहे. ज्या भाराने ती मलाजखंडला जाणार, त्याच भाराने ते घेतले पाहिजे. हे शास्त्रशुद्ध आहे आणि त्यावरून मी आजही मागे हटणार नाही. रवी म्हणाला की तांदळाची पोती ठेवा. मी घरी येऊन पुष्पलतेला तिच्या आईचे वजन विचारले. त्या संध्याकाळी घरात दुसरे संभाषण झाले नाही. वजन कळत नाही म्हटल्यावर पोती मोजून काय उपयोग? मी ठरवले की नवे टायर आधी घालून ठेवायचे, आणि अलाइनमेंट कार्याच्या दिवशी, प्रत्यक्ष माणसांसह, जाता जाता करून घ्यायचे. दुकान वाटेवरच होते.

त्या सकाळी सासूबाई घराबाहेर आल्या, माझ्या गाडीच्या उघड्या दाराशी थबकल्या आणि खाली वाकून आत पाहू लागल्या. महेंद्र आपली गाडी पुसत उभा होता. पुष्पलतेने मागून आईचा दंड धरला, मोठ्या पोरीची गाडी हाय, बसून तं पाय, असे काहीतरी म्हणाली आणि सासूबाई माझ्या शेजारच्या आसनावर अलगद बसल्या. चढणे नाही, पाट नाही, कण्हणे नाही. मी महेंद्रकडे पाहिले. त्याने फडके झटकले.

रवीच्या दुकानात मात्र अडचण आली. साक्षगंधाची ताटे मांडीवर घेतलेली पुष्पलता मागे आणि नऊवारीतल्या सासूबाई पुढे, अशी गाडी मंचावर चढलेली पाहून तो म्हणाला, "सर, दादी को तो उतार दीजिए." मी त्याला भाराचा सिद्धांत पुन्हा सांगितला. तो नाही म्हणाला. मी तिसऱ्यांदा, उदाहरणांसह, सांगू लागलो. दोन उदाहरणांनंतर त्याने मुकाट्याने बटण दाबले आणि आम्ही तिघेही ताटांसह पुरुषभर वर गेलो.

खाली त्याची पान्ह्याची खटखट चालू होती. काचेतून पडदा दिसत होता. एक आकडा हिरवा झाला, मग दुसरा. कलण्याचा आकडा लालच राहिला, तो राहणार हे मी आधीच सांगितले होते. पण चाकांची तोंडे समोर आली होती, रेघेसारखी. मी खिडकीतून वाकून रवीला म्हणालो की पाहिलंत, मशीनने मान्य केले. आणि तेवढ्यात लाइट गेली.

पडदा काळा झाला. मंच जिथे होता तिथे राहिला. विजेशिवाय तो खाली येत नाही, असे रवीने खालून सांगितले, आणि जनरेटर आहे पण त्यात डिझेल नाही. त्याच्या आवाजात जे समाधान होते ते मला अनावश्यक वाटले.

पुढे गेलेला महेंद्र परत आला. तो खाली उभा राहून वर बघत राहिला, मग त्याने फोन काढून छायाचित्रे घेतली. "भाऊ," तो म्हणाला, "मलाजखंडले वरूनच जाता का?" रस्त्यावरची माणसे गोळा झाली. ज्या बाईला चार बोटे कमी चढावे लागावे म्हणून मी उन्हाळ्यापासून खटाटोप केला, ती आता बैहर रोडवरच्या छपरांच्या पातळीवर बसून होती, आणि मला सांगायला खेद वाटतो की ती रमली होती. कुणाच्या परसात पापड वाळत आहेत, कुणाची गाय सुटली आहे, हे त्या मागे वळून लेकीला सांगत होत्या. मग खाली पाहून म्हणाल्या, "बाप्पा, महेंद्रले टक्कल पडून राह्यलं."

महेंद्रने फोन खिशात ठेवला.

आता, वेळ होता, श्रोते होते आणि श्रोत्यांना उठून जाण्याची सोय नव्हती. मी सासूबाईंना सर्व प्रकरण मुळापासून समजावू लागलो: स्प्रिंगा, चाकांची तोंडे, झिजलेली कड. मी गाडी खाली का घेतली इथवर आलो तेव्हा त्यांनी मला थांबवले.

"कोनाच्या गुडघ्यासाठी?"

तुमच्या, असे मी म्हणालो.

"माह्या गुडघ्याले काय झालं? अजून धानाच्या बांध्यांत उतरते मी रोवन्याले."

मागे पुष्पलता खिडकीबाहेर पाहू लागली. मी विचारले की मग त्या आजवर माझ्या गाडीत का बसत नव्हत्या.

सासूबाईंनी पदर सारखा केला. "राग नका मानू, जवाईबापू. महेंद्रच्या गाडीत मले झोप लागते. तुमच्या गाडीत लागू देता का तुम्ही? लांजीले जाताना मी म्हटलं, ते मोहाचं झाड हाय. तं तुम्ही लांजी येईपर्यंत सांगत राह्यले का तो मोह नोहे. अन् डोळा लागला का उठोता. 'आई, ऐकताय ना?' आता सांगा, बसू काहून?"

ते झाड मोहाचे नव्हते. ते मी चालत्या गाडीतून स्पष्ट पाहिले होते. शिवाय, सांगणारा सांगत असताना ऐकणारा जागा आहे की नाही याची खात्री करणे हे सौजन्य आहे. या दोन्ही मुद्द्यांवर माझे उत्तर तयार होते आणि मी तोंड उघडलेही. पण सासूबाईंनी हात वर केला.

"पाय, मी बसली हाय तं बसली. पण मलाजखंडवरी एक शब्द बोलले, तं तिथंच उतरते अन् महेंद्रच्या गाडीत जाते. कबूल हाय?"

खाली महेंद्र मान वर करून ऐकत होता. सभागृह, आरती, प्रथम उघडणारे दार, हे सारे त्या एका प्रश्नावर टांगले होते, आणि आम्हीही. मी मान हलवली. मान हलवणे हा शब्द नव्हे, याची मी मनाशी खात्री करून घेतली.

लाइट आली, गाडी खाली आली, आणि मी स्टिअरिंग धरले.

त्या प्रवासाविषयी मी थोडेच लिहितो. भरवेलीच्या पुढे गाडी अशी सरळ चालली की मी हात सोडून पाहिले तरी ती रेषेवरून ढळली नाही. टायरांचा आवाज नव्हता, ओढ नव्हती. माझा सिद्धांत चारही चाकांवर सिद्ध होत होता आणि मला ते कुणालाही सांगता येत नव्हते. गांगुलपाऱ्याच्या वळणांवर पुष्पलतेने तिच्या मैत्रिणीच्या सुनेची हकिगत सांगायला घेतली. ती हकिगत मी लग्नापासून अनेकदा ऐकायला घेतली होती आणि प्रत्येक वेळी तिच्यातली विसंगती दाखवल्यामुळे ती अर्ध्यावर थांबली होती. त्या दिवशी ती शेवटापर्यंत पोचली. शेवट अगदीच सामान्य होता. सासूबाई तोवर झोपल्या होत्या. डोके काचेला टेकलेले, तोंड किंचित उघडे.

उकव्याला चहासाठी थांबलो. महेंद्र पेला घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि आत वाकून म्हणाला, "भाऊ, हे अलाइनमेंट-बिलाइनमेंट सारी लूट हाय. टायरात हवा बरोबर असली का झालं. तुमच्यासारखे शिकलेलेच फसतात." तो हे जाणूनबुजून म्हणाला. माझ्या तोंडात चहा होता. या विधानात तीन स्वतंत्र चुका होत्या, त्यांतली एक भौतिकशास्त्राची. सासूबाईंचा एक डोळा उघडला आणि माझ्यावर स्थिर झाला. मी चहा गिळला. तो फार गरम होता.

महेंद्रने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग तो म्हणाला की जगात हवेइतके काहीच महत्त्वाचे नाही. मी गाडी सुरू केली.

मलाजखंडच्या सभागृहासमोर मुलीकडची मंडळी रांगेने उभी होती. माझी गाडी पुढे होती. ती थेट कमानीखाली थांबली, महेंद्रची तिच्या मागे, आणि सर्वांच्या देखत शेवंताबाईंचे दार आधी उघडले. आरतीचे ताट पुढे आले. मी उतरून, सदरा सारखा करून, त्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ज्या क्षणासाठी मी दोन टायर आणि संपूर्ण नगराचा आदर गमावला होता, तो आला.

सासूबाईंनी एक पाय बाहेर टाकला. मग दुसरा. मग त्या तशाच राहिल्या. आसन इतके खाली होते की गुडघे कमरेच्या वर आले होते. धरायला काही नव्हते आणि रेटायला जमीन फार जवळ होती. त्यांनी एकदा उठायचा प्रयत्न केला आणि परत आत बसल्या. दुसऱ्यांदा केला आणि आणखी आत बसल्या. आरती धरलेल्या बाईने ताट खाली केले, मग आणखी खाली, आणि शेवटी ती स्वतःच वाकली. मागे कुणीतरी खुर्ची आणा म्हणाले, जणू खुर्चीचा तिथे काही उपयोग होता. भातशेतात उतरून रोवणी करणारी बाई माझ्या गाडीतून वर येऊ शकत नव्हती.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"आता बोला, जवाईबापू," त्या म्हणाल्या. "उठू कशी?"

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. एवढे श्रोते, इतक्या शांततेने, माझ्या उत्तराची वाट पाहत उभे आहेत असे माझ्या आयुष्यात पूर्वी कधी घडले नव्हते. मी तोंड उघडले. बसणे, चढणे, भार, स्प्रिंगा, चाकांची दिशा, सगळ्यांविषयी माझ्याजवळ काही ना काही होते. उठण्याविषयी काहीही नव्हते.

मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते धरले. महेंद्र न बोलावता दुसऱ्या बाजूने आला आणि आम्ही दोघा जावयांनी मिळून, एकदा झोका देऊन, त्यांना उभे केले. अक्षता इकडे तिकडे सांडल्या. ओवाळण्याचे काम जिथल्या तिथे पार पडले आणि गंध, मुलीकडच्यांच्या गोंधळामुळे, आम्हा दोघांनाही एकाच वेळी लागले.

सासूबाई नऊवारी झटकून मुलीच्या आईकडे वळल्या. चांगली झोप झाल्यामुळे त्यांचा चेहरा टवटवीत दिसत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी माझी ओळख करून दिली.

"हे माहे मोठे जवाई. लय शांत मानूस हाय. बोलत नाही जास्त."

मुलीच्या आईने कौतुकाने मान डोलावली. मागे पुष्पलतेला ठसका लागला. महेंद्र माझ्याकडे पाहत होता, तोंड पूर्ण उघडे. ते विधान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खोटे होते. फक्त 'मोठे' एवढाच शब्द खरा होता, आणि तो भर मांडवात, महेंद्रच्या देखत, उच्चारला गेला होता.

मी नमस्कार केला आणि जेवणे होईपर्यंत गप्प बसलो.